बिटकॉइन नोडवर ट्रान्झॅक्शन अडकलं तर काय करायचं: बेळगाव भागातल्या नव्या नोडवाल्यांसाठी

परवा खानापूरहून एका ओळखीच्या पोराचा फोन आला. ‘दादा, माझ्याकडनं पैसे गेलेत, पण तिकडं पोचलेच नाहीत म्हणून दाखवूलालंय. नोड बंद करून परत चालू करू काय?’ आवाजावरून कळत होतं की रात्रभर तो झोपलेला नाही. त्याला म्हटलं, आधी काहीही दाबू नकोस, वही-पेन घे.

आपल्याकडे इंजिनिअरिंगची पोरं, उद्यमबागेत काम करणारी मंडळी, जुना डेस्कटॉप पडून असलेले दुकानदार असे बरेच जण आता घरी नोड, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार तपासून पुढे पाठवणारा संगणक, चालवू लागलेत. नोड कसा लावायचा हे शोधलं की सापडतं. ट्रान्झॅक्शन अडकल्यावर काय करायचं हे मराठीत नीट कुणी लिहिलेलं मला मिळालं नाही, आणि त्यापायी मी स्वतः एकदा दुप्पट पैसे पाठवून बसलो होतो. ते पुढे सातव्या पायरीत सांगतो. हा लेख नोडसाठी बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांसाठी आहे.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. आज्ञा मी इथे नागरीत लिहिल्या आहेत आणि वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये आडवी रेघ दिली आहे. टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं, रेघ नाही, मध्ये जागा नाही. आज्ञा देण्यासाठी विंडो मेनूतलं कन्सोल उघडलं तरी पुरतं, काळ्या पडद्याला घाबरायचं कारण नाही.

आधी जवळ काय काय हवं

- पूर्ण सिंक झालेला, म्हणजे सगळे ब्लॉक उतरवून झालेला नोड. प्रून केलेला (जुने ब्लॉक पुसून जागा वाचवणारा) असला तरी चालतो; मेमपूलच्या (तो काय ते पहिल्या पायरीत सांगतो) कामात त्यानं फरक पडत नाही. फक्त पहिल्या सिंकला ६०० जीबीहून जास्त डाउनलोड होतंच, तेव्हा ब्रॉडबँड प्लॅनची मर्यादा आधी बघून घ्या.
- किमान ४ जीबी रॅम, ८ असेल तर उत्तम.
- यूपीएस. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते मी सांगायला नको.
- वॉलेटचा बॅकअप, पेन ड्राइव्हवर आणि घराबाहेर आणखी एका ठिकाणी.
- एक साधी शंभर पानी वही. प्रत्येक पाठवणीची तारीख, वेळ, ट्रान्झॅक्शन आयडीची पहिली आठ अक्षरं, फीचा दर आणि कुणाला पाठवलं, एवढं एका ओळीत लिहा. माझ्या वहीतल्या एका ओळीनं नंतर मला वाचवलं, म्हणून हा आग्रह.

१. मेमपूल म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या

हंगामात साखर कारखान्याच्या अड्ड्यावर उसाच्या गाड्या उभ्या असतात ते आपण लहानपणापासून बघतो. कारखाना दिवसाला ठरावीक टनच गाळतो, बाकीच्या गाड्या अड्ड्यावर थांबतात. मेमपूल म्हणजे तो अड्डा. ब्लॉक म्हणजे एका वेळचं गाळप: सरासरी १० मिनिटांनी एक, आणि त्यात साधारण १० लाख व्हर्च्युअल बाइट (ट्रान्झॅक्शनचा आकार मोजायचं एकक) मावतात.

दोन गोष्टींत मात्र हा अड्डा वेगळा आहे. इथं नंबर लागत नाही. जो बाइटमागे जास्त दर देतो त्याची गाडी आधी आत जाते. आणि फी ठरते ती वजनावर, मालाच्या किमतीवर नाही. हजार रुपयांचं आणि दहा लाखांचं ट्रान्झॅक्शन आकारानं सारखं असेल तर फीही सारखीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्या जगाचा मिळून एक मेमपूल नसतो. प्रत्येक नोडचा स्वतःचा असतो. तुमच्या मेमपूलमधून ट्रान्झॅक्शन गेलं म्हणजे ते जगातून गेलं असं नाही; तुमच्या अड्ड्यावर गाडी दिसत नाही, पण दुसऱ्या अड्ड्यावर ती उभी असू शकते. या लेखातली निम्मी चूक-दुरुस्ती या एका गोष्टीवर उभी आहे.

२. ट्रान्झॅक्शन नेमकं कुठं आहे ते ठरवा

गेट-मेमपूल-एन्ट्री लिहून पुढे ट्रान्झॅक्शन आयडी द्या. दोन शक्यता असतात.

माहितीचा गठ्ठा आला, तर ते तुमच्या मेमपूलमध्ये आहे. त्यात ‘अनब्रॉडकास्ट’ हा रकाना शोधा. तिथं ‘ट्रू’ असेल तर दुसऱ्या कुठल्याही नोडनं ते अजून तुमच्याकडून मागून घेतलेलं नाही. फीला हात लावण्याआधी गेट-कनेक्शन-काउंट बघा. शून्य किंवा एक-दोन आलं तर दोष इंटरनेटचा आहे. राउटर चालू-बंद करून बऱ्याच जणांचं काम इथंच होतं.

‘ट्रान्झॅक्शन नॉट इन मेमपूल’ आलं, तर गेट-ट्रान्झॅक्शननं वॉलेटला विचारा. कन्फर्मेशन (ब्लॉकमध्ये गेल्यापासून मोजलेले ब्लॉक) १ किंवा जास्त असेल तर काम झालेलं आहे, ते ब्लॉकमध्ये गेलं. ० असेल तर ते तुमच्या मेमपूलमधून बाहेर टाकलं गेलं आहे किंवा आत आलंच नाही. आकडा उणे असेल तर त्याच इनपुटचं (आधी आलेली जी रक्कम खर्च होतेय तिचं) दुसरं ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये गेलंय, हे आता कधीच होणार नाही.

खात्रीसाठी मेमपूल डॉट स्पेससारख्या सार्वजनिक साइटवर आयडी टाकून बघता येतो. पण आपला पत्ता आणि आपलं ट्रान्झॅक्शन यांची जोडी त्या साइटला कळते, हे लक्षात ठेवून बघा. मी अडलं तरच बघतो.

३. मेमपूलची तब्येत बघा

गेट-मेमपूल-इन्फो. यात नव्या माणसाचा गोंधळ होतो, कारण आकारासाठी दोन आकडे दिसतात. ‘बाइट्स’ म्हणजे ट्रान्झॅक्शनांचा व्हर्च्युअल आकार. ‘युसेज’ म्हणजे ती सांभाळायला रॅम किती लागली, आणि तो आकडा बराच मोठा असतो. मर्यादा लागते ती युसेजला. मूळ सेटिंग ३०० एमबीचं आहे. ते भरलं की नोड सगळ्यात कमी दराची ट्रान्झॅक्शनं बाहेर काढतो आणि ‘मेमपूल-मिन-फी’ वर सरकते. तुमचा दर त्याच्या खाली असेल तर तुमचा स्वतःचा नोडही तुमचं ट्रान्झॅक्शन ठेवून घेत नाही.

जागा असली तरी ३३६ तास म्हणजे १४ दिवस झाले की ट्रान्झॅक्शन मुदत संपून निघतं. तेही फक्त तुमच्या नोडवरून.

मेमपूल जवळजवळ रिकामा दिसत असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ब्लॉक्स-ओन्ली’ चालू केलंय का ते बघा. डेटा वाचवायला बरेच जण हे लावतात आणि विसरतात. मग इतरांची ट्रान्झॅक्शनं नोडकडे येतच नाहीत, आणि फीचा अंदाजही मिळत नाही.

४. फीचा दर मोजा, आणि एककाकडे दोनदा बघा

इथं जरा थांबून वाचा. एस्टिमेट-स्मार्ट-फी ६ असं लिहिलं की पुढच्या ६ ब्लॉकांत, म्हणजे साधारण तासाभरात, काम व्हायला किती दर लागेल ते नोड सांगतो. उत्तर येतं ते बिटकॉइन दर हजार व्हर्च्युअल बाइट या एककात. आपण सगळे बोलतो ते साटोशी (एका बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) दर व्हर्च्युअल बाइट या एककात. दोन्हींमध्ये लाखाचा गुणाकार आहे: उत्तर ०.००००१००० आलं तर तो दर १ साटोशी, ०.०००१२००० आलं तर १२ साटोशी.

शून्यं मोजताना चूक होते. मी कागदावर आडवं लिहून, पाचवं घर कुठलं ते बोटानं मोजतो. पाठवण्याच्या आणि फी वाढवण्याच्या आज्ञांत ‘फी-रेट’ हा पर्याय (यात मात्र दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर टाइप करायचा) साटोशीतच घेतो, म्हणून मी सगळीकडे तोच वापरतो आणि जुने बिटकॉइनमधले पर्याय टाळतो.

उदाहरण बघा. एक इनपुट आणि दोन आउटपुट (रक्कम जिथं जाते ते पत्ते) असलेलं साधं सेगविट, म्हणजे नव्या पद्धतीचं, ट्रान्झॅक्शन साधारण १४१ व्हर्च्युअल बाइटचं असतं. १२ च्या दरानं फी झाली १६९२ साटोशी. तुमच्याकडे बारीक-बारीक रकमांची दहा इनपुटं गोळा झाली असतील तर तीच रक्कम पाठवायला कित्येक पट फी पडते. बाजार शांत असताना ती बारकी नाणी एकत्र करून ठेवा.

दराची खालची मर्यादा बरीच वर्षं १ साटोशी होती. २०२५ मध्ये आलेल्या कोअरच्या २९.१ आवृत्तीपासून मूळ सेटिंग ०.१ वर आलं. तुमचा नोड नवा असेल तर तो असं स्वस्त ट्रान्झॅक्शन घेईल, पण जुन्या आवृत्तीचे शेजारी ते पुढे नेणार नाहीत. घाई असेल तर एवढ्या खाली जाऊ नका.

५. थांबायचं का, ते ठरवा

घाई नसेल तर थांबा. शनिवार-रविवारी बऱ्याचदा गर्दी ओसरते. वॉलेट चालू असेल तर नोड आपणहून अधूनमधून ट्रान्झॅक्शन पुन्हा पाठवत राहतो. अडकलेले पैसे कुणी खाल्लेले नसतात. ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये जाईपर्यंत ते तुमच्याच नावावर आहेत.

गर्दी किती वाढू शकते याचा अंदाज असू द्या. २० एप्रिल २०२४ ला ८,४०,००० व्या ब्लॉकला हाविंग झालं, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्या मायनरचं बक्षीस निम्मं झालं, त्याच ब्लॉकपासून रून्स (बिटकॉइनवर टोकन काढायची पद्धत) सुरू झाले, आणि फी एका रात्रीत आभाळाला भिडली. त्या दिवशी ज्यांनी घाबरून फी वाढवली त्यांनी विनाकारण भरली. काही दिवसांत दर खाली आले.

६. फी वाढवायचे दोन रस्ते

पाठवणारे तुम्ही असाल तर बम्प-फी वापरा. जुन्याच्या जागी त्याच इनपुटचं, जास्त फीचं नवं ट्रान्झॅक्शन तयार होतं. वरच्या उदाहरणात दर १२ वरून २० केला तर फी २८२० होते, म्हणजे ११२८ साटोशी जास्त. खिडकीतून करायचं असेल तर ट्रान्झॅक्शनवर उजवं बटण दाबलं की फी वाढवायचा पर्याय दिसतो. ट्रान्झॅक्शन आयडी बदलतो, हे विसरू नका. समोरच्या माणसाला जुना आयडी दिला असेल तर नवा कळवा, नाहीतर त्याला वाटेल तुम्ही फसवलं.

पैसे तुम्हाला येणार असतील तर फी वाढवणं तुमच्या हातात नाही. तेव्हा दुसरा रस्ता: येणारी रक्कम कन्फर्म व्हायच्या आधीच ती स्वतःच्याच पत्त्यावर भरपूर फी देऊन पाठवायची. मायनरला हे दुसरं ट्रान्झॅक्शन हवं असेल तर पहिलंही घ्यावं लागतं. पहिलं २०० बाइटचं आणि २ च्या दराचं, म्हणजे ४०० साटोशीचं आहे. दुसरं ११० बाइटचं. दोघांना मिळून १५ चा दर हवा असेल तर ३१० गुणिले १५, म्हणजे ४६५०. त्यातले ४०० आधीच भरलेत, म्हणून दुसऱ्याची फी ४२५०. दुसऱ्याचा एकट्याचा दर ३८ च्या पुढे जातो. तो बघून दचकू नका, हिशेब जोडीचा आहे.

पहिलं ट्रान्झॅक्शन मेमपूलमधून बाहेर गेलं असेल तर दुसरं एकटं कुणी घेत नाही. २८ व्या आवृत्तीपासून अशी जोडी एकत्र पुढे जायची सोय आली आहे आणि सबमिट-पॅकेज ही आज्ञा त्यासाठीच आहे. जुनी आवृत्ती असेल तर आधी अपडेट करा.

प्रायॉरिटाइज-ट्रान्झॅक्शन नावाची आज्ञा बघून भुलू नका. ती फक्त तुमच्या स्वतःच्या नोडला सांगते की हे महत्त्वाचं आहे. तुम्ही मायनिंग करत नसाल तर बाहेरच्या जगाला त्याचा काही पत्ता लागत नाही.

७. रद्द करायचं असेल तर तेच इनपुट वापरा

माझी चूक सांगतो. मे २०२३ मध्ये ऑर्डिनल्सवाल्यांच्या (बिटकॉइनवर चित्रं, मजकूर नोंदवणाऱ्यांच्या) गर्दीनं मेमपूल भरले होते. निपाणीच्या एका मित्राचे उसने घेतलेले साटोशी मला परत करायचे होते. मी कमी दरानं पाठवले. दोन दिवसांनी बघतो तर माझ्या नोडवर ‘नॉट इन मेमपूल’. मला वाटलं, संपलं, ते ट्रान्झॅक्शन मेलं. अबँडन-ट्रान्झॅक्शन ही आज्ञा दिली, वॉलेटमध्ये रक्कम परत दिसायला लागली, आणि मी तेवढीच रक्कम चांगल्या फीनं पुन्हा पाठवली. ती तासाभरात पोचली. मी निश्चिंत झालो.

काही आठवड्यांनी गर्दी ओसरल्यावर मित्राचा फोन आला, ‘अरे, आणखी एकदा आलेत बघ.’ माझ्या नोडनं टाकून दिलेलं पहिलं ट्रान्झॅक्शन दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या मेमपूलमध्ये टिकून होतं आणि ब्लॉकमध्ये गेलं होतं. दुसऱ्या वेळी वॉलेटनं वेगळं इनपुट निवडलं होतं, म्हणून दोन्ही ट्रान्झॅक्शनं आपापल्या जागी खरी ठरली. वहीतल्या ओळीवरून दोन्ही आयडी मित्राला दाखवता आले, आणि माणूस आपला होता म्हणून पैसे परत आले. अनोळखी असता तर गेलेच होते.

म्हणून अबँडनचा अर्थ पक्का लक्षात ठेवा. ती आज्ञा फक्त तुमच्या वॉलेटला सांगते की हे विसर. जगाला ती काही सांगत नाही. खरं रद्द करायचा एकच मार्ग आहे: जुन्या ट्रान्झॅक्शनचं निदान एक तरी इनपुट नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये खर्च करायचं. एक इनपुट दोनदा खर्च होत नाही, त्यामुळे दोन्हींपैकी एकच टिकतं. क्रम असा:

- जुन्या ट्रान्झॅक्शनचं इनपुट, म्हणजे आधीचा आयडी आणि त्यातला क्रमांक, वहीत उतरवा.
- क्रिएट-रॉ-ट्रान्झॅक्शननं तेच इनपुट घेऊन स्वतःच्या नव्या पत्त्यावर रक्कम लावा.
- इनपुटची पूर्ण रक्कम वजा फी, एवढं आउटपुटात आलंच पाहिजे. आउटपुटात जे लिहिलं नाही ते सगळं फीत जातं. ही बेरीज मी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतो, घरात कुणी असेल तर त्याला आकडे वाचून दाखवतो.
- साइन-रॉ-ट्रान्झॅक्शन-विथ-वॉलेटनं सही करा.
- पाठवण्याआधी टेस्ट-मेमपूल-अ‍ॅक्सेप्ट द्या. ‘अलाउड’ पुढे ‘ट्रू’ आलं तरच सेंड-रॉ-ट्रान्झॅक्शन.

‘इन्सफिशंट फी’ आलं तर तुमची फी जुन्यापेक्षा पुरेशी जास्त नाही. जुन्याहून दरही जास्त हवा आणि एकूण फीही जास्त हवी. ‘मिसिंग-इनपुट्स’ किंवा ‘इनपुट्स मिसिंग ऑर स्पेंट’ आलं तर उशीर झालाय; बहुतेक जुनं ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये गेलेलं असतं.

याची दुसरी बाजू दुकानदारांसाठी आहे. २८ व्या आवृत्तीपासून कोअरचा नोड कुठलंही कन्फर्म न झालेलं ट्रान्झॅक्शन बदलू देतो, पाठवणाऱ्यानं तशी खूण केलेली असो वा नसो. म्हणजे मी वर सांगितलं ते गिऱ्हाईकही करू शकतं. मोबाइलवर ‘पेंडिंग’ दिसलं म्हणून माल देऊ नका. छोट्या रकमेला एक कन्फर्मेशन, मोठ्या रकमेला सहा, इतकं थांबा.

आणि अडकलेलं ट्रान्झॅक्शन ‘सोडवून देतो’ म्हणून कुणी मेसेज केला आणि तुमच्या वॉलेटची चावी असलेले १२ किंवा २४ गुप्त शब्द मागितले, तर तिथंच फोन ठेवा. फी वाढवायला ते शब्द दुसऱ्या कुणालाही लागत नाहीत. हा सापळा घाबरलेल्या माणसासाठीच लावलेला असतो.

८. सेटिंग आणि लाइट

रॅम ८ जीबी असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मॅक्स-मेमपूल’ ५०० किंवा १००० करा. गर्दीच्या दिवसांत जास्त ट्रान्झॅक्शनं तुमच्या डोळ्यांसमोर राहतात. ४ जीबीच्या मशिनवर ३०० वरच ठेवा. रॅम संपून नोड बसला तर मेमपूल मोठा असून उपयोग नाही.

नोड नीट बंद केला की मेमपूल एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि चालू झाल्यावर परत वाचतो. लाइट अचानक गेली तर हे लिहिणं होत नाही. पुढच्या वेळी जुनी फाइल वाचली जाते किंवा मेमपूल रिकामा सुरू होतो. त्याहून वाईट म्हणजे डेटाबेस खराब होऊन पूर्ण री-इंडेक्स (सगळे ब्लॉक पुन्हा तपासून डेटाबेस नव्यानं बांधणं) करावा लागू शकतो, आणि साध्या मशिनवर त्यात दिवसच्या दिवस जातात. ढग भरून आले की मी सेव्ह-मेमपूल देऊन ठेवतो. दोन सेकंदांचं काम आहे.

कराबद्दल थोडक्यात. आपल्या देशात २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते. वाढवून भरलेली फीही वहीत लिहून ठेवा आणि आपल्या सीएला दाखवा.

गणपतीला आठवडाभर घर बंद करून गावी जाणार असाल आणि एखादं ट्रान्झॅक्शन अडकलेलं असेल, तरी नोड बंद करायला हरकत नाही. दुसऱ्या नोडांपर्यंत ते पोचलेलं असलं, म्हणजे ‘अनब्रॉडकास्ट’ पुढे ‘फॉल्स’ असलं, की तुमच्या मशिनवर काही अडून राहत नाही. स्टॉप ही आज्ञा द्या आणि लॉग उघडून बसा. शेवटच्या ओळीत ‘शटडाउन: डन’ दिसलं की मगच यूपीएसचं बटण बंद करा.